दीड मासा उजेड

माझं सोनं उजेड होऊन उडून गेलं, असा निवाडा कडावच्या मारुतीच्या देवळात होता होता राहिला. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. मला तेव्हा थट्टा सुचत नव्हती, नुसता जळफळाट होत होता.

आमचे हे कडावला शाळामास्तर. घाटात विजेची इंजिनं नुकतीच धावायला लागली होती, त्या दिवसांतली गोष्ट. कर्जत स्टेशनातला कुणी साहेब बदलून गेला आणि त्याच्या रद्दीतली इंग्रजी मासिकं ह्यांनी उचलून आणली. झालं! चुलीवर दूध उतू जावो की मांजर पिऊन जावो, ह्यांचं डोकं मासिकात. त्यात सूर्य कसा जळतो ते लिहिलं होतं. ते गावालाही कळलंच पाहिजे, म्हणून एका शनिवारी मारुतीच्या आरतीनंतर ह्यांनी भाषण ठोकलं.

"सूर्यात लाकूड नाही, कोळसा नाही," हे म्हणाले. "हायड्रोजन नावाचा वायू आहे, अगदी हलका. पण त्याचा ढीग एवढा प्रचंड, की स्वतःच्याच वजनानं तो आत आत दाबला जातो. दाबता दाबता मध्यभागी इतकी धग होते, की चार कण एकमेकांत मिसळून त्यांचा एक नवाच कण होतो. आणि गंमत बघा, चौघांचं मिळून जेवढं वजन, त्याच्यापेक्षा ह्या एकाचं किंचित कमी भरतं. कमी भरलं त्याचाच उजेड झाला! आतली धग बाहेर रेटते, वजन आत रेटतं, त्या रेटारेटीत तारा उभा. सगळे तारे असेच. इंधन संपलं की वजन जिंकतं, आणि तारा आपल्याच अंगावर कोसळतो."

"आमच्या घरात पन असंच हाय," एक म्हातारा म्हणाला. "चार भाऊ रेटतात म्हनून भिंती उभ्या हायेत."

पुढच्या रांगेत गावचा सोनार बसला होता. त्याच्याइतकं मन लावून कुणीच ऐकलं नाही. ह्यांना केवढा आनंद! घरी येऊन मला म्हणाले, "बाकीच्यांचं सोड, पण सोनाराला कळलं हं."

कळलं होतंच मेल्याला.

माझ्याकडे माहेरचे चार बिलवर होते. आईनं पोटाला चिमटा घेऊन केलेले. बांगड्या कसल्या, झिजून झिजून नुसत्या तारा व्हायच्या बाकी राहिल्या होत्या. म्हणून ते मोडून एक ठुशी करायला मी सोनाराकडे दिले. ठुशी झाली देखणी. पण मी ती वाण्याकडे तोलून घेतली, तर दीड मासा कमी. घडवताना घट जाते हे मलाही कळतं, मी काही कालची पोर नव्हते. गुंजभर जाईल, फार तर दोन गुंजा जातील. दीड मासा म्हणजे बारा गुंजा! मी तडक सोनाराच्या दुकानात गेले.

"सोनारदादा, माझं सोनं कुठं आहे?"

"मास्तरीणबाई, चाराचं येक झालं ना? मंग वजन घटनारच. घटलं त्याचा उजेड झाला. मास्तरांना इचारा की!"

मी तिथून निघाले, ती थांबले थेट पाटलाच्या ओटीवर.

पाटलानं पंच बोलावून देवळात बैठक बसवली. तो माणूस तसा न्यायाचा, पण फार बारकाईनं न्याय करायचा.

"त्यो उजेड कुनी बघितला काय?" त्यानं विचारलं.

देवळाचा गुरव सोनाराचा शेजारी. तो उठला. "मी बघितला. त्या सांजंला सोनाराच्या खिडकीतनं लय उजेड आला. पार माज्या अंगनात पडला."

"म्हंजे बाईचं सोनं तुज्या अंगनात हाय," पाटील म्हणाला. "दे परत."

"अरं द्येवा! पाटील, मी पाठ करून बसलो व्हतो! माज्या अंगावर येक गुंज बी पडली नाय!"

कुणी हसलं नाही. उलट एका पंचानं अंगण खरवडून बघावं असं सुचवलं. गुरवाची बायको कालच सारवण केलंय म्हणून रडायला लागली.

मग आमचे हे उठले. "अहो, सोनाराच्या मुशीत असं होत नसतं! सूर्याचं वजन केवढं, आणि ह्याची फुंकणी ती केवढी!"

"मी लय जोरात फुंकतो, मास्तर," सोनार दुखावून म्हणाला.

"मुद्दा फुंकण्याचा नाही! तेवढं वजन वरून दाबल्याशिवाय..."

पाटलानं हात वर केला. "मास्तर, चाराचं येक झालं की वजन घटतं, हे तुमीच बोललात. शनवारी खरं आन आज खोटं, असं कसं? येक काय ते बोला. तुमचं भाषान खरं असंल तर सोनार सुटला. खोटं असंल तर त्यानं बाईचं सोनं द्यावं."

हे दाराबाहेरच्या उन्हाकडे बघायला लागले. मला असा संताप आला की काय सांगू! बायकोचं सोनं जातंय आणि हा माणूस सूर्याचा विचार करतोय. पण ह्यांचं तोंड बघितलं आणि माझा राग जागच्या जागी विरला. जन्मात पहिल्यांदा अख्खं गाव ह्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून बसलं होतं, चोरासकट. आणि खोटं बोलणं ह्यांना कधी जमलंच नाही. शाळा तपासायला साहेब आला, तरी घरी राहिलेल्या पोराची खोटी हजेरी ह्यांनी कधी लावली नव्हती. गेलं माझं सोनं, असं मी मनाशी म्हटलं.

ह्यांनी टोपी काढली. मारुतीपुढच्या नारळावर हात ठेवला.

"खोटं होतं," हे म्हणाले. "मी थाप मारली. मला सूर्याचं काही माहीत नाही."

देवळात असा हशा पिकला की पारावरची कुत्री भुंकायला लागली. सोनाराचं तोंड मात्र उतरलं. मला वाटतं, त्याला खरंच वाईट वाटलं. तो घरी जाऊन माझं दीड मासा सोनं घेऊन आला. मुशीच्या बुडाला चिकटलं होतं म्हणे!

त्या दिवसापासून ह्यांची पत गेली ती गेलीच. बांधावर भेटेल तो विचारायचा, "काय मास्तर, आज सूर्य किती घटला?" हे हसायचे. मासिकं माळ्यावर गेली. भाषण पुन्हा कधी झालं नाही.

सोनं मिळालं त्या दिवशी मला ठुशी गळ्यात घालवेना. चुलीशी बसून मी म्हटलं, "अहो, मला सांगा ना. पहिल्यापासून."

"काय?"

"सूर्याचं."

मी टोचून बोलतेय का, ते ह्यांनी आधी नीट बघितलं. मग सांगायला लागले. मी वेडेवाकडे प्रश्न विचारले, ह्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. भाकरी थंड झाल्या. शेवटी मी विचारलं, "मग वजन खरंच घटतं?"

ह्यांनी उठून दार लोटून घेतलं. "घटतं," हळूच म्हणाले. "पण ती ठुशी तुझ्याकडे आहे तोवर गावात बोलू नकोस."

नाही बोलले. आता पाटील नाही, सोनार नाही, हेही नाहीत. ठुशी परवा नातीच्या गळ्यात घातली. तेव्हा आता सांगते, ह्यांनी त्या शनिवारी जे सांगितलं ते सगळं खरं होतं.