कुलकर्णींनी बुरशी मारली

मंडळी, आत्ताच खालून आलेय. डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या गुडगावच्या सोसायटीमागे बिल्डरने खणून ओसाड केलेला पट्टा आहे. तिथे लावलेलं काहीच जगत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात मी अरवलीच्या डोंगरातल्या जुन्या झाडांखालची मूठ मूठ माती आणून नव्या रोपांच्या प्रत्येक खड्ड्यात घातली. त्या मातीतली बुरशी मुळांशी जोडली जाते आणि त्यांना लांबचं पाणी पुरवते. रोपं तगली. काल मी सोसायटीच्या ग्रुपवर हे सगळं कौतुकाने लिहिलं.

आज सेक्रेटरी कुलकर्णी लिफ्टपाशी भेटले. "वहिनी, मुळांना फंगस लागलंय हे वाचलं आणि लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. सगळीकडे औषध ओतलंय. बिल्कुल साफ."

पुढचं त्यांनी वाचलंच नव्हतं.

त्या रोपांमधल्या एका कडुनिंबाजवळ त्यांनी स्वतःच्या आईच्या नावाची पाटी लावलीय. रोज स्वतः पाणी घालतात. ते रोप आता उन्हाळा काढेल असं मला वाटत नाही.

"छान केलंत," मी म्हटलं. "पाणी तेवढं चुकवू नका."

त्यांनी हात जोडून थँक्यू म्हटलं.

तुम्ही असता तर खरं सांगितलं असतं? मला त्यांचा चेहरा मे महिन्यात बघायचाय.