पिंपळवंडीच्या फुटबॉल क्लबावर प्रशासक बसला

पुण्यातलं कॉलेज अर्धवट टाकून मी पिंपळवंडीला परत आलो, तेव्हा सोबत एक फुटबॉल आणला होता. नव्वदच्या दशकाचा शेवट चालला होता. गावातली पोरं क्रिकेट खेळायची नाहीतर कबड्डी. त्याच सुमारास टीव्हीवर फुटबॉलचा विश्वचषक झाला आणि कबड्डीतल्या गड्यांना वाटलं, हे आपल्याला जमेल, लाथच तर मारायची असते. बॉल माझा, म्हणून अध्यक्ष मी. क्लबची रीतसर नोंदणी केली आणि नारायणगावातून अध्यक्षपदाची व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. बॉल एकच होता. कार्डं मात्र अजूनही घरात कुठेकुठे सापडतात.

पहिली दोन वर्षं आम्ही हरत राहिलो. मग एकदा बोरी बुद्रुकच्या संघाला हरवलं. त्यांचे निम्मे खेळाडू त्या दिवशी कांदा काढायला गेले होते, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. विजय माझ्या डोक्यात असा गेला, की मी जुन्नर-आंबेगाव अशी दोन तालुक्यांची भव्य स्पर्धा जाहीर करून टाकली. मंडप, लाऊडस्पीकर, कमरेला लागेल एवढा चषक, येणाऱ्या सगळ्या संघांना दुपारचं जेवण. सगळं उधारीवर. तिकीट लावलं की पैसे वसूल, असा माझा हिशेब होता.

मैदान चारी बाजूंनी उघडं आहे, हे तिकिटं छापून झाल्यावर ध्यानात आलं. लोकांनी बांधावर बसून, ट्रॅक्टरवर उभं राहून सामने पाहिले. तिकीट एकट्या माझ्या मामांनी काढलं. ते हातात धरून त्यांनी विचारलं, "आता बसू कुठं?" खुर्च्या सांगायच्या राहूनच गेल्या होत्या. डिंभ्याच्या संघाची एसटी त्या दिवशी आलीच नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले, तेव्हा मंडप सोडायचं काम चाललं होतं. जेवणाचं मात्र त्यांनी विचारलं, आणि आम्ही त्यांना जेवू घातलं.

मंडपवाला गावातलाच होता. त्यानं थोडे दिवस वाट पाहिली आणि मग आमच्या गोलचे खांब उपटून नेले. नारायणगावचा खेळसाहित्याचा दुकानदार बॉलमध्ये हवासुद्धा भरून देईना. शेवटी समाजमंदिरात बैठक बसली. मी उभा राहून म्हणालो, की क्लब तात्पुरत्या अडचणीत आहे.

मंडपवाला म्हणाला, "भाऊ, ही अडचण न्हाई. तुमचा क्लब दूध सोसायटीवानी बुडालाय. प्रशासक बसवा."

लोक हसले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. बौद्ध वस्तीतले एक गृहस्थ सहकार खात्यातून निवृत्त होऊन नुकतेच गावी राहायला आले होते. बुडालेल्या दूध सोसायट्यांवर आणि एका पतसंस्थेवर त्यांनी खरोखरच प्रशासक म्हणून काम केलं होतं. गाव त्यांना साहेब म्हणायचं. साहेब म्हणाले, "समिती आत्ताच बरखास्त करावी लागेल. तरच मी बघतो."

"आत्ताच म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्ही खाली बसलात की."

मी बसलो.

साहेबांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. ज्यांचे पैसे अडकले होते, त्या प्रत्येकाच्या घरी ते जाऊन आले. रोख कुणालाच मिळणार नाही, पण क्लबाकडे धडधाकट माणसं आहेत, असं त्यांनी सांगितलं. कांदा लागवडीचे दिवस होते. त्या हिवाळ्यात आमचा अख्खा संघ लोकांच्या वावरात ओणवा होता. मंडपवाल्याच्या रानात मी लावलेली रोपं त्याच्या बायकोनं उपटून पुन्हा लावली. मला म्हणाली, "तुमी कडंला बसा, पावणं." तिच्या घरापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

मग साहेबांनी गोलकीपरचा विषय काढला. आमच्यात खेळता येणारा तेवढा एकच होता. बोरीवाल्यांना तो एका हंगामापुरता हवा होता आणि बदल्यात ते शेणखत द्यायला तयार होते. दुकानदाराची द्राक्षबाग होती, त्याला पैशाऐवजी खत चालणार होतं.

"साहेब, माणूस विकायचा का आपण?" मी म्हणालो.

"विकायचा नाही, उसना द्यायचा. पैऱ्यानं बैल देतोच की." मग त्यांनी गोलकीपरला विचारलं, "तुझी काही हरकत?"

"हरकत न्हाई," तो म्हणाला. "पण वैरणीचं कसं?"

सामन्याच्या दिवशीचं त्याचं जेवण साहेबांनी बोरीवाल्यांकडून ठरवून घेतलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझ्याबद्दल काही बोलणं झालं का.

"मी विषय काढला होता," साहेब म्हणाले. "ते म्हणाले, राहू द्या तुमच्याकडंच."

पुढचे दोन सामने साहेबांनी मैदानाच्या कडेला छत्री धरून पाहिले. नंतर मला बाजूला घेतलं.

"पुढं उभं राहून गोल करायचा, हे तुमचं काम ना?"

"हो."

"आजवर केलाय का?"

"अजून नाही. पण मी खेळ उभा करतो."

"मला तो बसलेला दिसतोय," ते म्हणाले आणि त्यांनी मला संघातून काढलं.

हे मात्र मला फार लागलं. मी रुसून डिंभ्याला बहिणीकडे गेलो. कुणीतरी न्यायला येईल, अशी माझी खात्री होती. रोज एसटी यायच्या वेळेला थांब्यावर जाऊन उभा राहायचो. कधी एसटी यायची नाही, कधी यायची आणि त्यातून कुणी ओळखीचं उतरायचं नाही. मेहुणे धरणातली मासळी आणायचे, बहीण प्रेमानं वाढायची. एके दिवशी वाढतावाढता म्हणाली, "दादा, लई दिवस राहा. फक्त त्या बॉलचं सांगू नको." दुसऱ्या दिवशी मी परत आलो. गावात कुणी विचारलं नाही, कुठं गेला होतास म्हणून.

साहेबांकडे जाऊन मी काहीतरी काम मागितलं. त्यांनी उसात गेलेला बॉल आणायचं काम दिलं. मैदानाला लागून ऊस होता आणि तोवर आमच्या भागातल्या उसात बिबट्या वावरायला लागला होता. मी मोठ्यानं खोकत, टाळ्या वाजवत आत शिरायचो. प्रेक्षक सामना सोडून माझ्याकडे बघायचे. अध्यक्ष असताना माझ्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

पुढचा हंगाम संपता संपता सगळ्यांची देणी फिटली. संघ फार जिंकला अशातला भाग नाही, पण गोलचे खांब परत आले आणि गोलकीपरही. साहेबांनी पुन्हा बैठक बोलावली आणि नवा अध्यक्ष निवडायला सांगितलं. माझं नाव मीच सुचवलं. अनुमोदन द्यायला कुणी उठलं नाही. गोलकीपर एकमतानं निवडून आला. त्यानं मला सल्लागार केलं, ते बहुधा चुलत भाऊ म्हणून.

क्लब आणखी काही वर्षं चालला. मग पोरं एकेक करत चाकणच्या कंपन्यांत लागली आणि खेळायला माणसं उरली नाहीत. बंद पडला तेव्हा कुणाचं काही देणं नव्हतं.

मधल्या काळात साहेबांना मात्र खेळाचा नाद लागला. पद सोडल्यावरही ते प्रत्येक सामन्याला यायचे. एकदा त्यांनी मला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं. मलाही ते नीट माहीत नव्हतं, तरी मी मातीत रेघा ओढून सविस्तर समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. पुढच्याच सामन्यात त्या माहितीवर ते रेफरीशी भांडले. रेफरी नारायणगावचा होता, साहेबांना ओळखत नव्हता. त्यानं त्यांना मैदानापासून लांब, रस्त्यापलीकडे जाऊन बसायला सांगितलं. ते मुकाट्यानं गेले. थोड्या वेळानं मीही जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. मग ते म्हणाले, "अध्यक्ष, इथून गोल दिसतोय का तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही," असं म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि माझ्याही डोक्यावर धरली.