लय गुणाचं पोर

आमच्या धाकट्या भावाला सगळी आळी ‘लय गुणाचं पोर’ म्हणायची. गुण कसला, तर ते रडत नसे. उसाच्या खुरपणीला निघताना त्याला दुधातून मोहरीएवढी अफू पाजायची आणि बांधावरच्या आंब्याला झोळी टांगून द्यायची. मग काय, दिवसभर गुणच गुण!

वडील फौजेत, लढाईवर. घरात हुकूम त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा. अफूची डबी तिच्याच कनवटीला. आईनं कुरकुर केली की तिचं उत्तर तयार, “तुज्या नवऱ्याला बी मीच पाजलीय. झाला न्हवं शिपाई?” मग आई कपाळाला हात लावून झोळी बांधायला घ्यायची.

पोर रांगायच्या वयाचं झालं, पण हाक मारली तरी बघेना. आईनं कानाशी टाळी वाजवली, वाटी आपटली. ते आपलं आढ्याकडे डोळे लावून पडलेलं. “शांत सोभावाचा हाय,” आत्या कौतुकानं म्हणाली. मला तर तिला बोचकारावंसं वाटलं. आईचं तोंड पांढरंफटक पडलं. आपलं पोर कायमचं असंच राहतंय की काय, या भीतीनं तिनं त्याच दिवशी डबी हिसकावली आणि ओढ्यात रिकामी केली. ओढ्यातले मासे तेवढे गुणी झाले असतील.

मग पोरानं रडून शिवार डोक्यावर घेतलं. आई दर वेळी खुरपं टाकून पळायची. त्यानं नुसतं ‘ऊं’ केलं तरी, “व्हय रं माज्या राजा? मुंगी चावली व्हय?” असं विचारत बसायची. सरीतल्या बाया फिदीफिदी हसायच्या, “पळ गं, कलेक्टरसायबाचं बोलावणं आलं!” लाडानं पोर वाया जाणार, असं आत्याचं भाकीत. अफूनं वाया जात होतं ते बाईंना चालत होतं.

एक दिवस झोळी गप्प. आई सरीतच थिजली. “आवं वन्सं, परत पाजलं काय वो?”

“न्हाई गं, तुजी आण!”

आई धावत सुटली, मागनं मी. पोर टक्क जागं होतं. झोळीची कड मुठीत धरून, आई रोज यायची त्या सरीकडे बघत होतं. ती दिसल्याबरोबर त्यानं दोन्ही हात पुढं केले. आई त्याला उचलून छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागली.

आत्या धापा टाकत आली. “आगं, पोर गप हाय की! तुला काय झालं?”

“वाट बगत हुता, वन्सं,” आई म्हणाली. “माजी.”