बाय नाही, बाई

माझ्या नाकावर राग असतो, हे शहापुरात मला ओळखणारं कुणीही सांगेल. जन्मभर मराठी शिकवलं आणि त्यातला निम्मा जन्म लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात घालवला. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी "महिनाभर वाचायचं नाही" असं बजावलं, तेव्हा घरात माझ्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. तसं घरात होतं तरी कोण? मी आणि माझी सून.

सून सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटीवरून आली की माझ्या डोळ्यात ड्रॉप्स घालायची, मी धुसफुसायची, आणि ती जाऊन कुकर लावायची. एका संध्याकाळी मीच म्हटलं, "अगं, तू रोज ते तुझं पुस्तक मनातल्या मनात वाचतेस ना, ते जरा मोठ्यानं वाच. निदान कानावर चार शब्द तरी पडतील."

ती म्हणाली, "बाई, तुम्हाला चालेल?"

"मला काय धाड भरलीये न चालायला?"

तिचं पुस्तक म्हणजे शुभवर्तमान. तिच्या आजोबांपासून त्यांचं घर ख्रिस्ती. लग्नानंतर तिची रविवारची प्रार्थना सुटली नाही आणि माझा गणपती बसायचा राहिला नाही. मोदकाला कळ्या पाडायला मीच तिला शिकवलं, आणि आता तिच्या कळ्या माझ्यापेक्षा बऱ्या येतात.

आता ती "बाई" का म्हणते ते सांगायला हवं, कारण माझं सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. ती मूळची टोकावड्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. मुलगा जरा मोठा झाल्यावर मी नोकरीला लागले, आणि माझी पहिली नेमणूक तिथल्या शाळेत. पहिलीच्या वर्गात एक शेंबडी पोर पाटी घेऊन समोर आली आणि म्हणाली, "बाय, भाईर जाऊ?" रस्त्यालगतच्या गावातली दोन-चार मुलं फिदीफिदी हसली. त्या वाडीत आईला बाय म्हणतात. मी नवी, शुद्ध भाषेचं वारं अंगात भरलेलं. म्हटलं, "बाय नाही, बाई. म्हण पाहू." तिनं म्हटलं. पुन्हा म्हणवून घेतलं. मग बाहेर सोडलं.

पुढे माझी बदली शहापूरला झाली. हे भातसानगरला धरणावर नोकरीला होते, तिथून जवळच आम्ही घर बांधलं. ती पोर शिकून नर्स झाली, शहापुरात नेमणूक मिळाली, आणि जुन्या बाईंना भेटायला म्हणून पेढे घेऊन दारात आली. दार माझ्या मुलानं उघडलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला तेव्हाच कळायला हवं होतं की पेढे आता कायमचे येणार.

लग्न झालं तरी ती मला बाईच म्हणायची. माझ्या जावेच्या सुना जावेला आई म्हणतात, शेजारणीच्या म्हणतात. गौरीच्या हळदीकुंकवाला शेजारीण सगळ्यांसमोर म्हणालीच, "अगो बाय, सून काय शाळेत आली का काय तुमच्याकडं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आतून मला फार लागलं. मागून म्हणवून घ्यायला तो काय पाढा होता? आई हा शब्द ज्याचा त्यानं द्यायचा असतो.

मग दोन वर्षांपूर्वी मुलाला कावीळ झाली आणि बघता बघता तो गेला. हे आधीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता तो एकाच गोष्टीवर. सून पस्तिशीची, हाताला नोकरी, माहेरची माणसं मायेची. तिनं इथं कशासाठी राहायचं? तिचा भाऊ मोटारसायकलवरून मुरबाडमार्गे दोनदा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा अंगणात तिच्याशी हळू आवाजात बोलला होता. ती गेली तर ह्या घरात मी आणि भिंतीवरचे दोन फोटो. पण "जाऊ नकोस" म्हणायला तोंड कुठलं? मी तिची बाई. बाईंना सोडून मुलं जातातच.

तर असं वाचन सुरू झालं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत माझ्या ध्यानात आलं की गोष्ट एकच आहे आणि सांगणारे चार आहेत. मला मजाच वाटली. एकाच सहलीवर चार मुलांनी निबंध लिहावा तसं ते होतं, आणि आयुष्यभर मी दुसरं काय तपासलं? पहिला मुलगा अभ्यासू. प्रत्येक गोष्टीला मागच्या ग्रंथातला दाखला देतो, आणि त्याचा येशू डोंगरावर नीट बसून शिकवतो. दुसरा भलता घाईचा. लगेच इकडे गेला, लगेच तिकडे गेला, त्याला श्वास घ्यायला सवड नाही. पण त्याचाच येशू मला खरा माणूस वाटला. दमतो, वैतागतो, वादळ आलं तरी होडीत उशीवर डोकं टेकून गाढ झोपतो. "डबल ड्यूटी झालेली असणार," सून म्हणाली.

तिसरा सुनेचा लाडका. त्याच्यात आजारी माणसं, बायका, कुणाकुणाच्या घरची जेवणं. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप म्हातारपणी धावत सुटतो, ती गोष्ट त्याचीच. ती तिनं वाचली तेव्हा आम्ही दोघींनीही दाराकडे बघितलं आणि मग दोघींनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

आमचं भांडणही व्हायचं. येशूला भूक लागते, तो अंजिराच्या झाडाकडे जातो, फळ नसतं, तर झाडालाच शाप देतो. आणि तिथंच लिहिलंय की अंजिराचा हंगाम नव्हता! मी उसळलेच. "हंगाम नसताना झाड फळ देणार कुठून? हा कुठला न्याय?"

"मलापण नाही कळत ते," ती म्हणाली. "पण भुकेला माणूस चिडतो, बाई. तुम्ही नाही का चहा उशिरा झाला की माझ्यावर खेकसत?"

"मी खेकसते, पण तू वाळून नाही गेलीस!"

ती इतकी हसली की पुस्तक मांडीवरून घसरलं. दोन वर्षांत ह्या घरात असं हसणं झालं नव्हतं. मला त्या येशूचे उपकारच वाटले.

येशूच्या मरणाची हकिगत तिघांनी तीनदा सांगितली. तिन्ही वेळा मी विचारलं, "आणि आई कुठं होती त्याची?" बायका लांबून बघत होत्या एवढं कळायचं, पण आईचं म्हणून सांगत नव्हतं कुणी. ती म्हणाली, "चौथा सांगतो. येईल."

चौथा मुलगा म्हणजे भाषणाची हौस असलेला. पण त्याच्या सुरुवातीलाच एक लग्न आलं आणि मी सावरून बसले. लग्नात द्राक्षारस संपतो, यजमानाची अब्रू जायची वेळ येते, आणि येशूची आई हळूच येऊन लेकाच्या कानावर घालते. मला तर ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. आमच्याकडे मे महिन्याच्या लग्नात पाणी संपतं. उशाशी एवढं धरण, पण पाणी मुंबईला आणि मांडवात टँकर. तेव्हा अशीच एखादी बाई पदर खोचून कुणाच्या तरी कानाला लागते. मी म्हटलं, "शाबास. आई शोभते." सून पुढे वाचू लागली. येशू आईला उत्तर देतो, आणि पहिलाच शब्द काय, तर "बाई".

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय म्हणाला? पुन्हा वाच."

"बाई."

"जन्म दिलेल्या आईला बाई? रस्त्यातल्या कुणा परक्या बाईला हाक मारल्यासारखं? हा कसला देव? आई म्हणायला जीभ झडत होती का?"

"त्यात काय वाईट आहे?" ती म्हणाली. अगदी साधेपणानं. तिला खरंच काही कळत नव्हतं.

"काय वाईट? शब्द चुकलाय तिथं. आई हवं. मिटव ते पुस्तक."

तिनं मिटवलं. त्या रात्री मी जेवले नाही. तिला वाटलं, बाई येशूवर रागावल्यात. येशूवर मी कशाला रागावेन, माझा राग कुणावर होता ते मला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉप्स घातल्यावर मीच म्हटलं, "वाच आता. अर्धवट सोडलेलं मला चालत नाही." वाचता वाचता एक मित्र मेल्याची गोष्ट आली. येशू उशिरा पोहोचतो. मेलेल्याच्या बहिणी म्हणतात, तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मी म्हटलं, "आमच्या वेळी कुठं होता मग?" बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

तिनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मीपण विचारलं त्याला. रोज विचारते."

"काय म्हणतो?"

"त्या बहिणींना म्हणाला तेच म्हणतो, तुमचं माणूस पुन्हा उठेल. आणि रडतो. पुढं लिहिलंय बघा, येशू रडला." तिला पुढचं वाचवेना. मी चष्मा काढून ठेवला. रडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण डॉक्टरांचं सगळंच ऐकून कसं चालेल?

पुढच्या रविवारी तिचा भाऊ आला. ह्या वेळी अंगणात थांबला नाही, घरात येऊन खुर्चीवर बसला. चहा घेतला. माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "बाई, राग मानू नका. मुरबाडला एक स्थळ हाय. कंपनीत कामाला हाय मानूस, बायको वारली त्याची. चांगला हाय, आपल्याच चर्चचा हाय. मी तिला न्यायला आलोय. आमची बायपण वाट बगते."

हे मला कधीतरी ऐकावं लागणारच होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या उत्तराची तालीमही केली होती. मी ताठ बसून म्हटलं, "बरोबर आहे तुझं. तिचं वय आहे. घेऊन जा." आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा निघाला, हे माझं मलाच बरं वाटलं.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी नाय येत."

भाऊ वैतागला. "अगो, इथं आता तुजं कोन हाय?"

"बाय हाय ना."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, कानांचं नाही. पण शब्द तोच होता.

"बाय आपली घरी हाय," भाऊ म्हणाला. "ही सासू हाय तुजी. बाई हाय."

"तेच ना रे!" ती त्याच्यावर ओरडली. मग माझ्याकडे वळली आणि एकदम शाळेतलं शुद्ध बोलू लागली. "बाई, तुम्हीच नाही का शिकवलंत? पहिलीत. बाय नाही, बाई म्हण. मला वाटलं, आईला शाळेत बाई म्हणतात. घरात बाय, शुद्ध बोलायचं तर बाई. चौथीपर्यंत मला तसंच वाटत होतं. मग कळलं तसं नसतं. पण तोवर जिभेला लागलं होतं. लग्न झाल्यावर आई म्हणून बघितलं मी एकटीनं, मोरीत. मला ते कुणातरी दुसऱ्याला म्हटल्यासारखं वाटलं. मला बाय दोन आहेत. एक बाय आणि एक बाई."

मी कपाळाला हात लावला. पहिलीपासून ही पोर मला आई म्हणत होती, आणि मी तिच्या एका हाकेसाठी वर्षानुवर्षं झुरत बसले होते! आणि त्या लग्नातल्या येशूवर एवढी डाफरले, तेव्हा हिला काय वाईट ते कळलं नाही, कारण हिच्या कानाला तो आईला आईच म्हणत होता.

भाऊ दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मी उठले, त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हटलं, "त्या मुरबाडच्या माणसाला इकडे पाठव. ज्याला माझी मुलगी हवी असेल त्यानं माझ्या दारात यावं. आणि तुझ्या बायलाही घेऊन ये. आम्ही दोघी मिळून त्याला बघू. मग ही काय ते ठरवेल."

"मंग बाई, ती हो म्हनली तर?"

"तर लग्न करून देऊ. हे माहेर मुरबाडपासून लांब नाही."

तो गेला. तिनं दिवा लावला, माझ्या डोळ्यात ड्रॉप्स घातले आणि पुस्तक काढलं. चौथ्याच्या वहीतला शेवट जवळ आला होता. वधस्तंभावर खिळलेला तो, खाली उभी आई, शेजारी त्याचा एक लाडका शिष्य. एवढ्या यातनांत त्याला काळजी पडलीये ती आपल्यामागे आईनं कुणाच्या घरी राहायचं ह्याची. तो आईला हाक मारतो, हा आता तुझा मुलगा, असं सांगण्यासाठी. सुनेनं पहिला शब्द वाचला आणि थांबली. माझ्याकडे बघू लागली, मी पुन्हा चूक काढते की काय म्हणून.

"बाई," तिनं हळूच पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे शब्द," मी म्हटलं. "पुढं वाच."