मीच वाचलेली झीज
काल कपाटावरून एमआरआयचं मोठं पाकीट डोक्यावर पडलं आणि जुना वैताग परत वर आला. आई बोरिवलीच्या बाजारात मासे विकायची. एकदा पाटी उचलताना तिची कंबर धरली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, सगळं विचारलं; तसं काहीच नव्हतं. म्हणाले, "फोटो नको. अशा दुखण्यात सहा आठवडे थांबायचं, असा नियमच आहे. आईला हिंडतीफिरती ठेव." घरातला पहिला ग्रॅज्युएट मी; मला वाटलं, टोलवतायत. "डॉक्टर, आम्ही अडाणी नाही. एमआरआय लिहा." ते वैतागले, "लिहितो बाबा, नाहीतर समोरच्या डॉक्टरकडे जाशील," आणि लिहून मोकळे झाले. आज वाटतं, अहो, ठाम राहायचं ना! रिपोर्ट मी ऐटीत वाचला आणि आईला मराठीत सांगितलं, मणक्यांची झीज आहे. "या वयात सगळ्यांनाच असते," डॉक्टर कळवळून सांगत होते, पण ती माझ्याकडेच बघत होती. महिन्याभरात कंबर दुखायची थांबली. पाटीला मात्र तिने परत हात लावला नाही. बाजारातली जागा मावशीला देऊन टाकली. आजही, "आई, काही झालेलं नाही गं तुला," म्हटलं की म्हणते, "इंग्लिशमध्ये लिहिलंय रे. तूच तर वाचलंस."