नानांच्या अक्षरातली बातमी

या, जरा जवळ सरका. आणि निधनवार्तांचं पान असं भरभर उलटत जाऊ नका बरं. माझे थोरले भाऊ, जळगावचे पत्रिकावाले नाना, पोळ्याच्या आधी गेले. तुम्हाला कळलं नसणार, ठाऊक आहे मला. तेरावं झाल्यावर चोपड्याच्या स्टँडवर एरंडोलचे आबा भेटले. त्यांच्या सगळ्या मुलींच्या लग्नपत्रिका नानांच्या हातच्या. मला म्हणतात, "काय अक्का, नानांची तब्येत काय म्हणते?" मी म्हटलं, "आबा, पेपरात आलं होतं की." तर म्हणे, "पेपर मी रोज वाचतो. नाव कुठे होतं?"

घरी येऊन कात्रण काढलं. नाव होतं हो, पण नानांच्याच अक्षरात. ते अक्षर तुम्ही पाहिलंय, पत्रिकांवर, सराफांच्या डब्यांवर, शालूंच्या खोक्यांवर. उभी रेघ जाड, ठसठशीत, आडवी केसासारखी बारीक. नानांनी हाताने काढलेलं, त्यांच्या दिलीपने कॉम्प्युटरवर चढवलेलं. नाना गिऱ्हाइकाला बजावायचे, "हे मोठं करून, चांगल्या कागदावरच वापरा. शालू नेसून कुणी भांडी घासतं का? पेपरात बारीक छापलं तर नुसते खांब उरतील." ऐकलं नाही कुणी, तर काम परत करायचे.

आणि दिलीपने बापाची बातमी बोटभर चौकटीत त्याच अक्षरात दिली! पेपरच्या कागदाने बारीक रेघा खाल्ल्या. वरची रेघ गेली, मात्रा गेल्या, उरले खांब. फोटो घातला तो लग्नातला, काळ्याभोर मिशांचा. मीसुद्धा ओळखला नसता. फोन गेले ते नातलगांना. गिऱ्हाइकांचे नंबर होते नानांच्या डोक्यात.

मी दिलीपला झाडलं. तो म्हणाला, "आत्या, बाबांची बातमी दुसऱ्या कुणाच्या अक्षरात देऊ?" "अरे, बाप असता तर त्याने तुला दुकानातून हाकललं असतं." मग पोरगं रडायला लागलं. पण राग जात नाही. पेपरवाल्यांचाही येतो. छापण्याआधी एकाने तरी वाचून बघायचं होतं.

ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याच्या पत्रिका सजवल्या, त्याच्या दारी मूठभर माणसं. वहिनी मला विचारतात, "बठ्ठा लोके त्यासले भुली ग्यात का वं माय?" मी सांगते, अहो, विसरलं कुणी नाही, लोकांना कळलंच नाही. त्यांना वाटतं, मी आपली समजूत काढतेय. याचाच राग आहे मला, दुसऱ्या कशाचा नाही.

म्हणून हे लिहिलं. संपादकांना सांगितलंय, रोजच्या साध्या अक्षरात छापा, नटवू नका. आता वाचता आलं ना? मग जळगावला या. भेटायला येणाऱ्यांसाठी टाकलेली सतरंजी वहिनींनी अजून गुंडाळलेली नाही, रोज सकाळी झटकून परत अंथरतात. या, तिच्यावर घटकाभर बसा, आणि नाव वाचता आलं नव्हतं हे तुमच्या तोंडाने त्यांना सांगा. माझं त्या ऐकत नाहीत. लवकर या.