मोठ्या डॉक्टरांचा शेरा

आमच्या मोठ्या डॉक्टरांइतका खरं बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि खरं बोलण्यापायी स्वतःचं नि दुसऱ्याचं इतकं नुकसान करणाराही पाहिला नाही. पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीच्या माळावर कारखान्यांचे पाये खणले जात होते आणि देहूरोडच्या वाटेवर आमचं चाळीस खाटांचं इस्पितळ होतं. तिथे आम्ही पाचजण शिकाऊ डॉक्टर. दर सहा महिन्यांनी वरिष्ठांनी आमच्याबद्दल एका छापील पत्रकावर शेरा लिहायचा, तो पुण्याच्या कचेरीत जायचा आणि त्यावर आमच्या पुढच्या नेमणुका ठरायच्या. मोठे डॉक्टर येईपर्यंत सगळ्यांना एकच शेरा मिळे : 'काम समाधानकारक, वर्तणूक चांगली.' आमच्यातला एकजण लग्नासाठी गावी जाऊन तीन महिने तिकडेच रमला, त्याचंही काम त्या सहामाहीत समाधानकारकच ठरलं होतं.

मोठ्या डॉक्टरांना 'चांगला' या शब्दाचा भयंकर तिटकारा. इस्पितळासमोरच्या हॉटेलवाल्यानं सहज विचारावं, "काय डॉक्टर, चहा चांगला झालाय ना?" तर हे गंभीरपणे सांगणार, "आलं जास्त पडलंय. दूध जरा करपलंय. कप मात्र स्वच्छ आहे." एकदा चिंचवडच्या एका स्नेह्यानं भाचीसाठी मुलगा पाहायला त्यांना बरोबर नेलं. परत येताना विचारलं, "मुलगा कसा वाटला?" डॉक्टर म्हणाले, "चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं त्यानं आईकडे बघून दिली. पाण्याचा तांब्या मात्र स्वतः उठून आणला. याहून जास्त मी पाहिलं नाही." ते लग्न मोडलं, आणि त्यानंतर पंचक्रोशीत कुणीही त्यांना असल्या कामाला बोलावलं नाही.

याच माणसानं आल्या आल्या ठरवलं, की शिकाऊ डॉक्टरांना शिकवण्याआधी त्यांच्यावर शेरे लिहिणाऱ्या वरिष्ठांना शिकवायला हवं. दर शनिवारी दुपारी, जेवणानंतर पेंगायच्या नेमक्या वेळी, ते चार वरिष्ठांना गोळा करत. पहिल्या शनिवारी त्यांनी इस्पितळाच्या धोब्यावर शेरा लिहायला लावला. चौघांनी लिहिलं, 'काम बरे.' डॉक्टर म्हणाले, "चादरीवरचे डाग जातात की नाही, हे कुणी पाहिलंय?" कुणीच पाहिलं नव्हतं. पेन्शनीला आलेले आमचे सर्जन भडकले. "अहो, पंचवीस वर्षं पोरं तयार करतोय मी. आता मला निबंध लिहायला शिकवता?"

"निबंध नको. दोन वाक्यं लिहा. काय पाहिलंत, आणि उद्यापासून त्यानं काय वेगळं करावं."

मग सर्जनना स्टुलावर बसवून, एक शिकाऊ डॉक्टर रोगी तपासतो आहे ते पाव तास मुकाट बघायला लावलं. पाचव्या मिनिटाला त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर त्यांनी लिहिलं, 'आवाज मृदू आहे.' आम्ही आडोशाला हसू दाबत होतो. मोठ्या डॉक्टरांनी मात्र तो कागद दोन्ही हातांत धरला. "या इस्पितळातला हा पहिला खरा शेरा!"

गंमत म्हणजे ते वेड हळूहळू लागलं. चार-पाच महिन्यांनी तेच सर्जन एकदा ओशाळून म्हणाले, "तो पोरगा जखम धुतो सुरेख, पण धुताना रोग्याच्या तोंडाकडे बघतच नाही. मला हे आजवर दिसलंच नव्हतं हो." डॉक्टरांचा चेहरा त्या दिवशी असा फुलला, की मला त्यांची दयाच आली. कारण पुण्याला पाठवायची पत्रकं आली तेव्हा सर्जननी आणि बाकीच्या तिघांनी जपून पुन्हा 'समाधानकारक' लिहिलं. खरं लिहिलं एकट्या मोठ्या डॉक्टरांनी, आणि त्यांच्या हाताखाली होतो मी.

पाठवण्याआधी त्यांनी शेरा मला वाचून दाखवला. "निदान जलद करतात. वाचन उत्तम. पण रोग्याचं म्हणणं पुरतं ऐकत नाहीत. चिखलीच्या एका म्हाताऱ्यानं तीनदा सांगूनही त्याला खोकल्याचं औषध दिलं. आणखी सहा महिने कुणाच्या तरी नजरेखाली काम करावं." शब्द न् शब्द खरा होता. तो म्हातारा मला सांगत होता, "डागदर, कळ छातीत न्हाई, खांद्यात हाय. बैलानं ढकललंया." मी मान न उचलता लिहीत होतो. त्याचं मोडलेलं हाड डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी शोधलं.

चौघांना नेमणुका मिळाल्या. मला नाही. डॉक्टर स्वतः पुण्याला गेले. सोबत सर्जन होते. त्यांनीच मला नंतर सांगितलं. कारकून म्हणाला, "साहेब, बाकीचे चौघं समाधानकारक आहेत. याच्याच बाबतीत एवढं लिहिलंय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय." तेव्हा मोठे डॉक्टर टेबलावर हात आपटून ओरडले, "अहो, तो पाचांत सगळ्यांत चांगला आहे!"

"मग तसं लिहायचं होतंत," असं म्हणून कारकुनानं फाईल बांधली.

पुढच्या वर्षी मोठ्या डॉक्टरांवरही वरून शेरा आला. एकच ओळ : 'स्वभाव विक्षिप्त.' ती लिहिणाऱ्यानं त्यांना एकदाही काम करताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांची खानदेशात दूर कुठंतरी बदली झाली. शनिवारचे वर्ग त्याच आठवड्यात बंद पडले.

मी तोवर पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात चिकटलो होतो. सर्जन होण्याचं माझं स्वप्न गेलं होतं, आणि ते कुणामुळे गेलं हे मी कुणालाही ऐकवत असे. एका दुपारी मान वर केली, तर कामगारांच्या रांगेत मोठे डॉक्टर उभे. आपला नंबर येईपर्यंत ते तसेच थांबले होते. समोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी लिहिलं ते खरं होतं," ते म्हणाले. "तुमचं नुकसान झालं, तेही खरं आहे. या दोन्हीचं मिळून काय करायचं, ते मला कळत नाही. म्हणून आलो."

मी त्यांना चहाही विचारला नाही. ते टोपी घालून उठले. खिडकीतून मला ते एसटीच्या थांब्याकडे भर उन्हात चालत जाताना दिसत होते, जरासे वाकलेले, सावकाश. पोचवायला जायला हवं होतं. बाहेर वीस माणसं खोळंबली होती, हे कारण तसं खोटं नव्हतं. मी पुढच्याला आत बोलावलं.